अभ्यास कर, म्हणजे नक्की काय कर?

सध्या शाळाशाळांच्या शिक्षकखोल्यांमध्ये एका कागदावरून वाद चालू आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये म्हटलं आहे की प्रगतिपुस्तकात शिक्षकाच्या शेऱ्याबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचंही मूल्यमापन असावं. त्या विचाराचा आमच्यापर्यंत पोहोचलेला अवतार म्हणजे एक छापील तक्ता. ‘मी माझ्या अभ्यासाचे नियोजन करतो/करते’, ‘मला इंग्रजीत बोलताना आत्मविश्वास वाटतो’ अशी विधानं, आणि प्रत्येकापुढे तीन चेहरे : हसरा, साधा, रडका. मुलानं एका चेहऱ्यावर खूण करायची. शिक्षकांचा एक गट म्हणतो, हे थोतांड आहे, आधीच कागदांनी जीव मेटाकुटीला आलाय. दुसरा गट म्हणतो, जग पुढे चाललंय, मूल केंद्रस्थानी आलं पाहिजे, तुम्हीच बदलायला तयार नाही. मी बावीस वर्षं मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आहे, आणि मला वाटतं की दोन्ही गट कागदावर भांडतायत, कामावर कुणीच बोलत नाही. आपण अभ्यास कसा करतो हे मुलांना स्वतःचं स्वतः तपासायला शिकवणं हे इंग्रजीच्या शिक्षकाचं धडा शिकवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. मात्र ते मराठीतून झालं पाहिजे, मुलाच्या स्वतःच्या वहीवर आणि उत्तरपत्रिकेवर झालं पाहिजे, आणि त्याला एकही गुण असता कामा नये. यातली एक अट जरी मोडली, तरी तो तक्ता रद्दीत गेलेला बरा, या मताला मी आले आहे.

आपल्या घरात दिवसातून सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी आज्ञा बहुधा ‘अभ्यास कर’ हीच असेल. ती देणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला तिचा अर्थ विचारून बघा. जेवायला बस म्हटलं की काय करायचं ते कळतं, विहिरीवरून पाणी आण म्हटलं की कळतं. अभ्यास कर म्हटलं की मूल पुस्तक उघडतं, ओठ हलवतं आणि घड्याळाकडे बघतं. ‘किती अभ्यास केलास?’ या प्रश्नाचं उत्तर तासांत मिळतं. ‘कसा केलास?’ हा प्रश्न मीसुद्धा नोकरीची पहिली आठ-नऊ वर्षं कुणाला विचारला नव्हता. मी तो विचारायला लागले ते एका मुलीमुळे.

नववीच्या घटक चाचणीत तिला वीसपैकी पाच गुण मिळाले होते. मुलगी कष्टाळू, वही मोत्यासारखी. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, अभ्यास कमी पडला. आता अजून करीन.’ मी तिला शब्दांची वही काढायला सांगितली. प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहिलेला. म्हटलं, माझ्यासमोर एक शब्द लिहून दाखव. शब्द होता ‘नेबर’, म्हणजे शेजारी, नऊ अक्षरी अवघड स्पेलिंग. तिनं पेन घेतलं आणि ‘एन’ हे अक्षर एकाखाली एक दहा वेळा लिहिलं. मग त्या उभ्या रांगेशेजारी ‘ई’ची रांग. मग ‘आय’ची. अशा नऊ उभ्या रांगा झाल्या, पान भरलं, शब्द दहा वेळा लिहून झाला. ती रोज रात्री हेच करत होती. दहा वेळा लिहिलेला तो शब्द तिनं एकदाही लिहिला नव्हता. वही मिटून लिही म्हटल्यावर पाच अक्षरांत संपला. मी काही बोलले नाही. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या वहीचं पान मधोमध उभं दुमडलेलं होतं : डावीकडे मराठी अर्थ, उजवीकडे इंग्रजी शब्द. अर्थ वाचायचा, दुमडलेल्या बाजूला शब्द आठवून लिहायचा, मग पान उघडून ताडून बघायचं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, तिच्या आतेबहिणीनं दाखवलं होतं. पण त्याआधी नऊ वर्षं कुणीच तिच्या हाताकडे पाहिलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःच्या हाताकडे पाहिलं नव्हतं. ‘अजून करीन’ हे तिचं वचन तिनं पाळलं असतं, तर रांगा दहाच्या वीस झाल्या असत्या.

या आतेबहिणीवरच खरं तर सगळं अडलेलं आहे. ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, तिथे अभ्यास कसा करायचा हे मुलाला न सांगता मिळतं. ‘पुस्तक मिट आणि मला सांग बघू’ असं कुणीतरी म्हणतं, ‘काल केलेलं आज परत विचार’ असं कुणीतरी म्हणतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलाला हे कोण म्हणणार? त्याच्याकडे गाईड असतं, इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीनं देवनागरीत लिहिलेले उच्चार असतात, आणि ‘अभ्यास कर’ ही आज्ञा असते. अभ्यासाची रीत शाळेनं शिकवली नाही, तर ती वारशानंच मिळणार. आणि जे वारशानं मिळतं ते कुणाला मिळतं आणि कुणाला नाही, हे या राज्यात वेगळं सांगायला हवं का?

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातलं सर्वांत वजनदार म्हणणं ओझ्याचं आहे, आणि ते खरं आहे. वर्गात साठ-पासष्ट मुलं, मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हा तक्ता. आणि आम्हाला अनुभवही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली आला, त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची तरतूद होती आणि ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं ती आपल्याकडे पहिली ते आठवीला लागू झाली. कल्पना उत्तम होती : मुलाला वर्षभर बघा, त्याची वाढ शब्दांत नोंदवा. त्या वर्णनात्मक नोंदींचं काय झालं हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग त्या मोबाइलवर फिरायला लागल्या. ‘इंग्रजी शब्दांचा उच्चार स्पष्टपणे करतो’, ‘संवादात आवडीने सहभागी होते’. पन्नास मुलांना पन्नास वाक्यं वाटून दिली की काम संपलं. मूल बघण्यासाठी काढलेल्या योजनेत मुलाकडे न बघता नोंद करायची सोय झाली. ज्या सहकाऱ्यांना या नव्या तक्त्याचंही तेच होईल असं वाटतं, त्यांना मी चूक म्हणणार नाही. तेच होईल.

पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? नोंदी खोट्या झाल्या म्हणून मुलाकडे बघणंच बंद करायचं? नोंदी खोट्या का झाल्या, हा प्रश्न आधी विचारायला हवा. त्या वरच्यासाठी लिहिल्या गेल्या. तपासायला येणारा अधिकारी त्यांचा वाचक होता. मूल नव्हतं, शिकवणारा शिक्षकही नव्हता. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचं सरकारी अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेवर ठरू लागलं. तपासनीस यायचा, मूल वाचून दाखवायचं, त्यावर पैसे मिळायचे. थोड्याच वर्षांत मुलं वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून म्हणायला लागली. शाळा तपासनीस असलेला मॅथ्यू अर्नोल्ड वर्षानुवर्षं ओरडत राहिला की ही मुलं परीक्षेत पास होतात, पण त्यांना वाचता येत नाही. निकालावर अनुदान देण्याची पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही होती. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगानं तर सरळ म्हटलं की इथलं शिकवणं परीक्षेचं दास झालं आहे. ज्या गोष्टीवर बक्षीस टांगाल, त्या गोष्टीचं सोंग तयार होतं. आपल्याकडचं ताजं उदाहरण हवं असेल तर दहावीच्या अंतर्गत गुणांचं घ्या. भाषा विषयांचे बोलण्या-ऐकण्याचे, शाळेच्या हातातले वीस गुण २०१९ च्या परीक्षेपुरते गेले, आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, हेही त्यामागचं एक कारण होतं. पण गुण परत दिल्यावर २०२० साली निकाल ९५.३० झाला. त्या एका वर्षात मुलांचं बोलणं-ऐकणं एवढं सुधारलं, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

म्हणून गुण नकोत, ही माझी अट हट्टाची नाही. रुथ बटलर या इस्रायली संशोधिकेनं १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रत्येक डी.एड., बी.एड.च्या वर्गात शिकवायला हवा. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांइतकीच राहिली. गुण दिसला की मूल शेरा वाचतच नाही. आपण हे दर चाचणीला बघतो : पेपर हातात पडला की मूल वरचा आकडा बघतं, शेजाऱ्याचा बघतं, पेपर दप्तरात जातो आणि तिथून पुन्हा कधीच बाहेर येत नाही. लाल शाईनं आम्ही घातलेली रात्र त्या दप्तरात चुरगळून जाते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. मुलांना स्वतःचं मूल्यमापन करताच येत नाही, असं म्हणतात. ज्याला येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही. हेही खरं आहे, आणि याला पुरावेही आहेत. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचून तीन वेळा पुस्तक मिटून आठवला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून पाहणाऱ्यांना ६१. यातला खरा धडा पुढेच आहे : आपल्याला नंतर किती आठवेल याचा अंदाज विचारला, तेव्हा जास्त खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे परत परत वाचल्यानं विषय आल्यासारखा वाटतो, आणि त्या वाटण्यावर मूल विश्वास ठेवतं. माझी ती विद्यार्थिनी, रांगा लिहिणारी, तिलाही शब्द आला असंच वाटत होतं.

तर मग त्या मुलांना तीन चेहऱ्यांपैकी एक निवडायला सांगणं निरर्थकच आहे, इथपर्यंत मी आक्षेप घेणाऱ्यांबरोबर आहे. पण ज्याचा अंदाज चुकतो, त्याला अंदाज बांधायचीच सवय लावायला हवी ना? माझ्या वर्गात एक साधी रीत आहे. घटक चाचणीचा पेपर देताना प्रत्येक मूल कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितं : मला किती पडतील. पेपर तपासून परत गेला की दोन आकडे शेजारी शेजारी येतात. त्या अंदाजाला गुण नाहीत, तो मी कुठे नोंदवत नाही, पालकांना सांगत नाही. पहिल्या चाचणीला पंधरा लिहून सहा मिळणारी मुलं भरपूर असतात, आणि पाच लिहून तेरा मिळवणाऱ्या, विशेषतः मुली, त्याही असतात. डिसेंबरपर्यंत दोन आकडे जवळ यायला लागतात. सगळ्यांचे नाही, काहींचे शेवटपर्यंत येत नाहीत. पण ज्यांचे येतात, ती मुलं ‘पेपर कसा गेला?’ला ‘छान’ म्हणायचं सोडून ‘पत्रलेखन गेलं, उताऱ्यात दोन चुकले असतील’ असं बोलायला लागतात. हे बोलणं मला निकालाच्या टक्क्यापेक्षा मोलाचं वाटतं.

तिसरा आक्षेप जुन्या, अनुभवी शिक्षकांचा असतो, आणि तो मी आदरानं ऐकते. आधी इंग्रजी येऊ द्या, मग अभ्यासाच्या रीतीचं बघू. आम्ही पाठांतर केलं, आमचं काय बिघडलं? पाठांतराची मी शत्रू नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या माणसाचं गणित मी पाहिलं आहे. अनियमित क्रियापदांची रूपं पाठच करावी लागतात. पण आपल्या परंपरेत नुसतं घोकणं कधी होतं? तबला शिकणारा मुलगा कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, हजार वेळा वाजवतो, मान्य. पण बोल अडखळला की गुरू हात थांबवतो, तेवढाच तुकडा विलंबित लयीत पुन्हा पुन्हा घ्यायला लावतो, कुठलं बोट चुकतंय ते बघायला लावतो. काही वर्षांनी गुरू खोलीत नसला तरी शिष्याचा कान चूक पकडतो. तोवर त्याला रियाज आला असं कुणी म्हणत नाही. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद कुस्ती हरून आलेल्या पठ्ठ्याला ‘अजून जोर काढ’ एवढंच सांगत नाही. डाव कुठे फसला ते त्याच्याच तोंडून वदवून घेतो. स्वतःच्या करण्याकडे बघणं परदेशातून आलेलं फॅड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तालमीत जाऊन बसावं. फक्त शाळेत, आणि त्यातही इंग्रजीच्या तासाला, आपण हा कान विसरलो. तिथे ‘घोका आणि ओका’ उरलं. कवितेचं रसग्रहण तपासताना याचा प्रत्यय येतो : कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, सगळं सुवाच्य अक्षरात, आणि कविता मात्र दुसरीच.

आता मराठीचं. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द नको, असा दंडक बऱ्याच शाळांत आहे, आणि त्यामुळे हे तक्तेही इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतून भरायला सांगितले जातात. पंधरा वर्षांच्या मुलाला मराठीत जेवढा विचार करता येतो, त्याचा दशांशही त्याला इंग्रजीत मांडता येत नाही. मग तो फळ्यावरचं वाक्य उतरवून घेतो. आत्मपरीक्षणाचंही पाठांतर होतं. इंग्रजी बोलायला इंग्रजीचं वातावरण हवं, हे मला मान्य आहे, आणि बाकीच्या तासांना मी ते पाळायचा प्रयत्न करते. पण ‘माझं कुठे चुकतं?’ हा प्रश्न माणूस आपल्या भाषेतच स्वतःला विचारतो.

माझ्या तासाचं सांगते. पेपर वाटल्यावर एक तास मी काहीच शिकवत नाही. फळ्यावर चार रकाने आखते : शब्द माहीत नव्हता, माहीत होता पण लिहिता आला नाही, प्रश्नच कळला नाही, वेळ पुरला नाही. मुलं आपापल्या पेपरातली प्रत्येक चूक यातल्या एका रकान्यात टाकतात, आणि पुढच्या चाचणीपर्यंत काय वेगळं करणार ते एका ओळीत मराठीत लिहितात. ‘अभ्यास जास्त करीन’ हे उत्तर चालत नाही, कारण त्यात करण्यासारखं काही सांगितलेलं नसतं. पुढच्या चाचणीआधी तेच पान उघडायचं. वर्षातून चार तास, फार तर पाच. नवा कागद नाही, नवं रजिस्टर नाही. ओझ्याबद्दल बोलणाऱ्या सहकाऱ्यांना मी एवढंच सांगते की या चार तासांनी माझं काम कमी केलं. पहिल्या वर्षी तिसरा रकाना इतका भरला की मी चरकले. मुलांना उतारा बऱ्यापैकी समजत होता. कृतिपत्रिकेतली सूचनाच समजत नव्हती. ‘सूचनेनुसार पुन्हा लिहा’, ‘ओळखा’, ‘जोड्या लावा’ यांचे इंग्रजी शब्द मी त्यांना कधी शिकवलेच नव्हते, कारण ते धड्यात नसतात. मी वर्षभर व्याकरणाची उजळणी घेत होते, आणि मुलं दारातच अडली होती. ही चूक त्यांच्या पेपरांनी मला दाखवली; तीन चेहऱ्यांच्या तक्त्यातून ती मला कधीच दिसली नसती.

आपल्या राज्यात भाषेवरून वाद कमी होत नाहीत. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हा झाला. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जून संपता संपता मागे घेतला गेला, त्यावरून रान पेटलं. त्या वादात माझीही ठाम बाजू होती आणि आहे. पण कोणती भाषा कितवीपासून, याच्या पलीकडे आपण का जात नाही? पहिलीपासून इंग्रजी शिकलेलं मूल माझ्याकडे नववीत येतं तेव्हा आठ वर्षांची इंग्रजी त्याच्या मागे असते. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२३ साली १४ ते १८ वयोगटातल्या, ग्रामीण भागातल्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं. वर्ष वाढवून प्रश्न सुटणार असता, तर तो एव्हाना सुटला असता. त्या आठ वर्षांत मूल घरी बसून वहीत नक्की काय करत होतं, हे विचारायला कुठल्याच समितीला वेळ झाला नाही.

शिक्षण विभागानं हा तक्ता रेटलाच, तर माझी मागणी आहे की त्याचे रकाने कुठल्याही पोर्टलवर भरायला लावू नका, त्याची सरासरी काढू नका आणि त्यावरून शाळेची श्रेणी ठरवू नका. त्याऐवजी प्रत्येक चाचणीनंतर एक तास वेळापत्रकात अधिकृतपणे मोकळा द्या. तो तास तपासायला आलात, तर मागच्या बाकावर बसा आणि एखाद्या मुलाची वही त्याची परवानगी घेऊन बघा.

गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा आपल्या चुका रकान्यांत टाकत बसला होता. शांत मुलगा, वर्गात कधी हात वर करत नाही. तास संपताना वह्या बघत फिरत होते, तर त्यानं माझ्या चार रकान्यांशेजारी पट्टीनं आणखी एक रेघ मारून स्वतःचा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं : ‘कळलं नव्हतं, पण विचारायला लाज वाटली’. सहा चुका त्या एका रकान्यात होत्या. दुसऱ्या दिवशी, कुणाचं नाव न घेता, मी फळ्यावर पाच रकाने आखले. त्या दिवशी तो रकाना वर्गातल्या बहुतेक वह्यांमध्ये भरला.